सहा रूपं

हिला भूक लागली तर सांगता येत नाही, पण 'खाणे' हे क्रियापद इटालियन भाषेत सहाच्या सहा रूपांत बिनचूक म्हणता येतं. मी नुसतं 'मान्जो' म्हणायचा अवकाश, की ही सुटते: मान्जी, मान्जा, मान्जामो, मान्जाते, मान्जानो. मी खातो, तू खातोस, तो खातो, मग आम्ही, तुम्ही, ते. शेवटचं रूप झालं की तोंड मिटते आणि माझ्याकडे बघत बसते. खायचंय की नाही, ते देव जाणे.

ही म्हणजे माझी बायको. आमच्या पुढच्या खोलीत हिनं तीसेक वर्षं इटालियनचे वर्ग घेतले. गाणं शिकणाऱ्या मुली यायच्या, बुटांच्या कारखान्यातले लोक यायचे, तिकडच्या मुलाशी लग्न ठरलेली एखादी यायची आणि ज्यांना घरात बसवत नाही असे निवृत्त लोक तर हमखास यायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पदरात एकच गोष्ट पडायची: नियमित क्रियापदं. हिचं म्हणणं असं की पाढे पाठ नसतील तर गणित नाही आणि ही रूपं पाठ नसतील तर भाषा नाही. आरे, एरे आणि ईरे अशा तीन शेपट्या. शेपटी कापायची आणि माणूस बघून नवी लावायची. भिंतीपलीकडे मी जेवत असायचो आणि हा पाढा माझ्या ताटात येऊन पडायचा. अर्थ कधी कळला नाही, चाल मात्र पाठ झाली. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. वर जायचं, खाली यायचं आणि मधे अडकायचं नाही, एवढंच माझं व्याकरण.

गेल्या वर्षी हिला झटका आला. फळा पुसत होती, हातातलं फडकं पडलं आणि ते उचलायला वाकली ती उठलीच नाही. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा पायाला कातडी पट्ट्यांचा आधार बसवलेला होता आणि तोंडात एकच अक्षर होतं, 'ता'. पाणी हवं तरी ता, लेक आली तरी ता, मला हाक मारायची तरी ता. पंचेचाळीस वर्षं 'अहो, ऐकलंत का' ऐकून ज्याचे कान किटले होते, तो मी आता स्वयंपाकघरात उभा राहून रडायचो.

मग एक दिवस बेकरीवाला भेटायला आला. हिचा जुना विद्यार्थी. तिकडे जाऊन पाव भाजायला शिकायचा म्हणून भाषा शिकला, गेला, दोन वर्षांनी परत आला आणि आमच्याच रस्त्यावर भट्टी टाकली. पावाची पिशवी मांडीवर घेऊन तो हिच्यासमोर बसला आणि काय बोलावं हे त्याला सुचेना. आजारी माणसापुढे सगळ्यांचंच असं होतं. शेवटी बिचारा, तिनं शिकवलेलं अगदी पहिलं क्रियापद पुटपुटला. पार्लो. मी बोलतो.

"पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो," ही म्हणाली.

सगळ्या चालीसकट. शेवटच्या रूपाला आवाज थोडा खाली आणायची, तोसुद्धा आणला. लेक मोरीतून ओल्या हातांनी धावत आली. बेकरीवाला रडायला लागला आणि मी हसायला लागलो. आम्हा दोघांना कुणी बघितलं असतं तर आमचीच रवानगी दवाखान्यात झाली असती.

हिचं बोलणं परत आणायला दवाखान्यातून एक बाई घरी यायच्या. तरुण, शांत, कधीही घाई न करणाऱ्या. मी मनातल्या मनात त्यांना वाचाबाई म्हणायचो. मी त्यांना मोठ्या ऐटीत पार्लो करून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"काका, छान आहे. पण हे बोलणं नव्हे," त्या म्हणाल्या. "एक म्हटलं की दोन आपोआप तोंडात येतं ना, तसं आहे हे. तुम्ही सुरुवात देता, काकू पुढचं पूर्ण करतात. त्यात त्यांना काही सांगायचं असेल असं नाही."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? त्या जिना उतरायच्या आत मी बेकरीवाल्याला फोन लावला होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि मला तर सहा काड्या मिळाल्या होत्या.

सकाळची भट्टी उतरली की तो यायचा आणि हिच्याच फळ्यासमोर मला शिकवायचा. सत्तरी ओलांडल्यावर मी शेपट्या कापायला बसलो. गाढवापुढे वाचली गीता, असला प्रकार होता. सकाळी पाठ केलेलं दुपारी पार धुऊन निघायचं. 'तुम्ही' आणि 'ते' यांच्यात माझा रोज अपघात व्हायचा. पण मला सगळी रूपं कुठं हवी होती? मला फक्त पहिलं हवं होतं. पुढची पाच हिच्याकडे होती.

आणि माझ्या डोक्यात एक युक्ती आली. हीच ती युक्ती, जिनं आमचं वाटोळं केलं. माझ्या लक्षात आलं की काही वेळा ही झपाझप म्हणते आणि काही वेळा रेंगाळत म्हणते. मी ठरवून टाकलं: झपाझप म्हणजे हो, रेंगाळत म्हणजे नाही. झालं! घरात बोलणं सुरू झालं. मान्जो म्हणायचं आणि ऐकायचं. भरभर आलं की जेवण वाढायचं. दोर्मो म्हणायचं, मी झोपतो. भरभर आलं की पडदे ओढायचे. काम्मीनो म्हणायचं, मी चालतो. भरभर आलं की आधाराचे पट्टे आवळायचे आणि धरून धरून गॅलरीच्या टोकापर्यंत न्यायचं. रेंगाळली तर थोडं थांबून पुन्हा विचारायचं. पहिल्याच हाकेला कुणाचा गळा मोकळा असतो? दोनतीनदा विचारलं की येतच होतं भरभर.

मला काय आनंद झाला होता, कसा सांगू? मी रस्त्यावर ओळखीच्यांना थांबवून सांगायचो, आमच्या घरात आता इटालियन चालतं. बेकरीवाला मात्र एकदा म्हणाला, "काका, बाई वर्गात तरी प्रश्न प्रश्नासारखाच विचारायच्या." मी त्याला गप्प केलं. म्हटलं, तू पाव भाज.

चालताना ही रडायची. डोळ्यांतून पाणी गळायचं आणि 'ता, ता' करायची. मी म्हणायचो, रड, रड, जोर लावला की रडू येतंच. पायमोज्यावर तांबूस डाग दिसायचा. पट्टे नवे होते, कातड्याचा रंग सुटतो म्हणून मी मोजा धुऊन टाकायचो. डोळ्यांवर झापड होती म्हणा ना. चष्मा बदलून ती निघाली नसती.

लेक सुट्टीच्या दिवशी आईला आंघोळ घालायला यायची. मध्यंतरी तिच्या ऑफिसात काम फार होतं, ती बरेच दिवस आली नव्हती. त्या दिवशी तिनं पाय स्टुलावर घेतला, मोजा ओढला आणि ओरडली. टाचेच्या वर, पट्टा बसतो तिथं, जखम होती. साधी नाही, आतपर्यंत गेलेली. वास येत होता. इतके दिवस मी तो वास औषधांचा समजत होतो.

"बाबा, हे काय आहे? हिला रोज चालवता तुम्ही?"

"रोज विचारून चालवतो," मी म्हणालो. "विचारल्याशिवाय एक पाऊल नाही. ती हो म्हणते."

"हो म्हणते? कशी म्हणते?"

मी तिला माझी युक्ती सांगितली. सांगता सांगताच माझा आवाज बारीक होत गेला. लेकीला इटालियन येत नाही. लहानपणी तो आरडाओरडा ऐकून तिला त्या भाषेचा वीट आला होता. पण चाल तिलाही पाठ होती. ती आईच्या समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काम्मीनो."

"काम्मीनी, काम्मीना, काम्मिनियामो, काम्मिनाते, काम्मीनानो," ही म्हणाली. झपाझप. पाय स्टुलावर, जखम उघडी आणि गालावर पाणी.

"आता मारा मला असं इटालियनमध्ये सांगा तिला," लेक म्हणाली. "तेपण म्हणेल. बाबा, तुम्ही तिचं ऐकत नव्हता. तुम्ही स्वतःलाच विचारत होता आणि स्वतःच हो म्हणत होता."

ती म्हणाली ते शब्दन् शब्द खरं होतं आणि मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं.

हिला पुन्हा दवाखान्यात ठेवलं. जखम भरायला फार वेळ लागला. मी रोज सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत खाटेशेजारी बसायचो आणि तोंडातून इटालियन काढायचो नाही. मग एक दिवस लेकीनं विषय काढला. तिच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक सांभाळगृह होतं. स्वच्छ खोल्या, दिवसरात्र परिचारिका, मागे थोडी झाडं. ती बघून आली होती.

"घर असताना?" मी म्हणालो. "मी मेलोय का?"

"तुमच्याकडे ठेवायची मला भीती वाटते, बाबा," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर परवडलं असतं. ती हळू बोलली.

निर्णय दवाखान्यानं द्यायचा होता. डॉक्टर जखमेचं बघणार होते आणि बाकीचं वाचाबाई. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि अक्षरशः हात जोडले. त्यांनी मला बाकावर बसवलं.

"काका, होकार मी मोजत नाही. काकू सगळ्यालाच मान डोलवतात," त्या म्हणाल्या. "मला त्यांचा नकार हवा. कसाही चालेल. मानेनं, हातानं, तोंड फिरवून. ज्या माणसाला नको म्हणता येतं, त्याला एकट्या माणसाच्या हवाली करता येतं. ज्याला येत नाही, त्याच्याभोवती चार जण लागतात. एकाचं चुकलं तर दुसऱ्यानं बघायला."

"एक नकार?"

"एक. पण खरा."

आता यातली गंमत बघा. ही माझी बायको जन्मभर नाहीच म्हणत आली. पडद्याचा रंग मी निवडला, नाही. जुनी मोटार घ्यायची ठरवली, नाही. माझ्या धाकट्या भावाला वर्षभर आमच्याकडे ठेवायचं म्हटलं, तर जबडा असा आवळला की भाऊ आपण होऊन दुसरीकडे गेला. ज्या नाहीनं माझं डोकं उठायचं, त्याच एका नाहीसाठी मी आता पदर पसरत होतो.

मी काय काय केलं! हिला दुधी भोपळा बघवत नाही, मी तो उकडून नेला. खाल्ला. कडू औषध चमच्यानं पुन्हा पुन्हा पुढे केलं. प्यायली. खिडकी उघडून थंडगार वारा हिच्या अंगावर येऊ दिला आणि विचारलं, बंद करू? मान डोलावली. बंद केल्यावर विचारलं, उघडू? मान डोलावली. मी हिच्या माहेरच्यांबद्दल वाटेल ते बोललो. ती शांतपणे ऐकत राहिली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणाली, किती छळता हो त्यांना. मी म्हटलं, आजी, तुम्ही तरी हिला नाही म्हणायला शिकवा. रात्री घरी आलो की तो रिकामा फळा बघवायचा नाही, म्हणून मी पुढच्या खोलीत दिवा लावणंच सोडलं.

बेकरीवाल्यानं मला त्याच दिवसांत एक नवं क्रियापद शिकवलं. मीच मागितलं होतं. हिला घरी न्यायची परवानगी मिळेल त्या दिवशी म्हणायला हवं होतं. तोर्नो. मी परत जातो, घरी येतो. त्याचीही शेपटी आरेचीच, सरळ, कुठं वाकडी न जाणारी. बाई हे पहिल्याच महिन्यात घ्यायच्या, तो म्हणाला. मी ते येताजाता घोकत होतो.

तपासणीचा दिवस आला. छोटी खोली, एक टेबल, खिडकीतून खाली लावलेल्या गाड्या दिसत होत्या. डॉक्टर, वाचाबाई, लेक आणि मी. हिला चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं. केस लेकीनं विंचरले होते.

वाचाबाईंनी कंगवा दाखवला. "काकू, हा चमचा आहे का?"

हिनं मान डोलावली.

"आपण आत्ता विमानात बसलोय का?"

मान डोलावली.

"तुम्हाला इंजेक्शन देऊ?"

डोलावली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं नाही. सगळं हातातून चाललं होतं आणि मी नुसता बघत बसलो होतो.

"मला एकदा बोलू द्या," मी म्हणालो. "एकदाच."

वाचाबाईंनी डॉक्टरांकडे बघितलं आणि खुर्ची सरकवून मला जागा दिली. मी हिच्या समोर बसलो, तिचा डावा हात, जो धड आहे तो, माझ्या हातांत घेतला.

"अगं, घरी जाऊ," मी म्हणालो. "पुढची खोली तशीच ठेवलीय. पट्टे फेकून दिलेत मी. तू फक्त एकदा काहीतरी दाखव यांना. चल ना गं घरी." आणि मग न राहवून म्हणालो, "तोर्नो."

मला वाटलं, निदान पाढा तरी येईल. कानावर हिचा आवाज तरी पडेल.

हिचे ओठ हलले. मग थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"तोर्नो," मी पुन्हा म्हणालो.

काही नाही. ओठ घट्ट. आणि मला दिसलं, जबडा आवळला होता. पडद्यांच्या वेळी आवळला होता तसा.

"थकल्या असतील," डॉक्टर म्हणाले. "किंवा आपोआप येत होतं तेही बंद झालं. तसं होतं कधीकधी."

"थांबा," लेक म्हणाली. ती खुर्चीशेजारी येऊन वाकली. "आई, दोर्मो."

"दोर्मी, दोर्मे, दोर्मियामो, दोर्मीते, दोर्मोनो."

"पार्लो."

"पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो."

"तोर्नो."

ही गप्प. वाचाबाई एकदम सरळ बसल्या. त्या उठून समोर आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि आपल्या शांत आवाजात म्हणाल्या, "काकू, तोर्नो."

हिनं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. ओढून नाही, हळूच, आणि मांडीवर ठेवला.

"काका!" वाचाबाईंचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत तो कधी चढलेला मी ऐकला नव्हता. "हा नकार आहे! बाकी सगळं म्हणतात आणि हे एकच म्हणत नाहीत. हाच तर हवा होता मला! आता मी घरी न्यायचं लिहू शकते." त्या हसत होत्या. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग वाचाबाईंनी सहज विचारलं, "पण तोर्नो म्हणजे काय हो?"

त्या खोलीत त्या शब्दाचा अर्थ दोघांनाच माहीत होता, आणि त्यातल्या एकीला बोलता येत नव्हतं. लेकीला नुसती चाल येत होती. मी काहीही सांगू शकलो असतो. तोर्नो म्हणजे दवाखान्यात राहते. तोर्नो म्हणजे सांभाळगृहात जाते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, संध्याकाळी मी हिला घेऊन घरी असतो, आणि हिला तोंड उघडून मला खोटं पाडता आलं नसतं. खोटं बोलायला मन किती शिवशिवलं, ते कुणाला कळायचं नाही. जिभेवर आलेलं होतं. तिच्याशिवाय त्या घरात मी काय करणार होतो? भिंती बघत बसणार होतो?

ही माझ्याकडे बघत होती. तिला कळत होतं. सगळं कळत होतं.

"घरी परत जाते," मी म्हणालो. "तोर्नो म्हणजे घरी परत जाते. तेवढं तिला म्हणायचं नाहीये."

वाचाबाईंचं हसू थांबलं. डॉक्टर खिडकीतून खाली बघायला लागले. लेक "बाबा" म्हणाली.

"काका," वाचाबाई अगदी हळू म्हणाल्या, "तुमची इच्छा असेल तर आणखी एकदा विचारून बघू. उद्या, विश्रांती झाल्यावर."

उद्या कदाचित तिनं म्हटलंही असतं. दोनतीनदा विचारलं की येतंच.

"नको," मी म्हणालो, आणि लेकीकडे वळून विचारलं, "तिथं भेटायच्या वेळा काय आहेत?"